काजव्यांचं झाड एका फोटोत: अनेक एक्स्पोजर जोडण्याची रीत, पायरीपायरीने

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची या बाजूंनी परतलेल्या मित्रांचे फोटो बघायला मिळतात. बहुतेकांत काळ्या पाटीवर चार हिरवट ठिपके असतात. नाहीतर उलटा प्रकार: दहा मिनिटं शटर उघडं ठेवल्यामुळे रात्रीचं आभाळ तांबूस-करडं झालेलं आणि त्यात काजवे विरघळून गेलेले. कॅमेरे चांगले असतात, मेहनतही असते. चुकतो तो क्रम. जे काम संध्याकाळी सातला व्हायला हवं ते नऊला सुरू होतं, आणि जे घरी संगणकावर करायचं ते रानात करायचा प्रयत्न होतो.

लखलखणाऱ्या झाडाचे जे फोटो आपण बघतो ते सहसा एका एक्स्पोजरचे (शटर एकदा उघडून मिटण्याचे) नसतात. संधिप्रकाशात घेतलेली एक फ्रेम आणि अंधारात घेतलेल्या तीस-चाळीस फ्रेम एकमेकींवर रचलेल्या असतात. ती रीत खाली क्रमाने देतो.

एक गोष्ट मात्र सुरू करण्याआधी डोक्यात पक्की बसवा, पुढचं निम्मं काम तिच्यावर चालतं. काजवा एका ठिकाणी क्षणभर चमकतो आणि विझतो. त्यामुळे फोटोत तो किती तेजस्वी दिसेल हे ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतात. शटर किती वेळ उघडं राहिलं याचा त्याच्या तेजाशी संबंध नाही. शटरचा वेळ वाढवला की दोनच गोष्टी वाढतात: काजव्यांची संख्या आणि मागच्या अंधाराचा उजेड. ‘काजवे फिके येतात, म्हणून वेळ वाढवला’ ही सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक आहे, आणि तिने काजवे आणखी फिके दिसतात, कारण मागची पाटीच उजळते.

पायरी १: दिवस निवडणं

काजवे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून दिसू लागतात आणि मृगाचा पाऊस जोरात लागला की ओसरतात. वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्यानंतरची दमट, वारा नसलेली संध्याकाळ सर्वांत चांगली. या मोसमाच्या आत तिथी बघा. कृष्ण पंचमीपासून अमावास्येपर्यंत चंद्र रात्री उशिरा उगवतो, म्हणजे आपल्याला लागणारे आठ ते दहा हे तास काळोखाचे मिळतात. शुक्ल तृतीयेपर्यंतही चालतं, कारण कोर बारीक असते आणि लवकर मावळते. पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका. चांदण्यात झाड सुरेख दिसतं हे खरं, पण चंद्र सरकतो तशा सावल्या सरकतात आणि फ्रेम जोडल्यावर जमिनीवर सावल्यांचा चिखल होतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. रात्री कुठे थांबता येईल, किती वाजेपर्यंत, प्रवेश शुल्क किती, हे वनविभाग ठरवतो आणि त्यात बदल होतात. निघण्याआधी फोन करून विचारा. गावातला माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्या. कोणतं झाड यंदा भरलंय हे त्यालाच ठाऊक असतं. गेल्या वर्षीचा हिरडा यंदा रिकामाही असू शकतो.

पायरी २: पिशवी भरणं

ट्रायपॉड, इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारी सोय; कॅमेऱ्यात आत असेल तर उत्तम), एफ १.८ ते एफ २.८ ची रुंद लेन्स (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), जादा बॅटरी. घ्यायच्या आहेत नव्वद फ्रेम (त्यातल्या तीस-चाळीस जोडायच्या); रॉ प्रकारात त्यांना साधारण तीन जीबी जागा लागते, म्हणजे कार्डाची चिंता नको. किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर आलेली) असली तरी अडत नाही, आयएसओ वाढवावा लागतो इतकंच. फुटकळ वस्तूंमध्ये काळी चिकटपट्टी, लाल जिलेटीन कागद लावलेली लहान बॅटरी, लेन्स पुसायचं सुती कापड आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या. पायात बूट हवेतच. हे दिवस घोणस बाहेर पडण्याचेही आहेत.

कॅमेऱ्यात घरीच करून ठेवायच्या गोष्टी:

- फाइलचा प्रकार रॉ (सेन्सरची कच्ची नोंद). जेपेगमध्ये पुढची दुरुस्ती जमत नाही.
- व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ठरावीक आकड्यावर, ४००० केल्विनच्या आसपास. ऑटोवर ठेवला तर फ्रेमगणिक रंग बदलतो.
- ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद. ही सोय प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ झाकल्या शटरने दुसरी फ्रेम घेते. वीस सेकंदांच्या फ्रेममागे वीस सेकंद वाया जातात, आणि नेमके त्याच वेळी काजवे चमकत असतात.
- लेन्सचं किंवा कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बंद.
- स्क्रीनची चमक सर्वांत कमी, फोटो काढल्यावर आपोआप दिसणारी झलक बंद.

सावधान: एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, आणि अंधारात ती दिसतही नाही. पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच राहू द्या, अर्धा-पाऊण तास. पिशवीची चेन उघडायचीही घाई नको.

पायरी ३: उजेडात जागा आणि ट्रायपॉड

साडेपाचपर्यंत ठिकाणी पोचा. हे वाचून बरेच जण मनात सहा-सात करतात, आणि मग सगळी रात्र त्या एका तासाची भरपाई करण्यात जाते. जूनच्या सुरुवातीला या भागात सूर्य सात-सव्वासातच्या सुमारास मावळतो. त्याआधी तुमची चौकट ठरलेली हवी.

झाडाचा आकार आभाळावर स्पष्ट उठेल अशी बाजू शोधा. कॅमेऱ्यापुढे तीन-चार मीटरपर्यंत फांदी किंवा करवंदीची जाळी येऊ देऊ नका. जवळून उडणारा काजवा फोकसबाहेर जातो आणि त्याचं मोठं हिरवं वर्तुळ होतं. एखाद-दुसरं वर्तुळ बरं दिसतं, पंधरा झाली की डाग वाटतात. रस्त्याचं वळण चौकटीत किंवा चौकटीच्या मागे असू नये. भंडारदरा-घाटघर रस्त्यावर शनिवारी रात्री गाड्यांची रांग असते, आणि हेडलाइट झाडावर पडला की ती फ्रेम गेली. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. पाय मऊ मातीत असतील तर प्रत्येकाखाली चपटा दगड ठेवा. ओली माती अर्ध्या तासात दोन-तीन मिलिमीटर खचते, आणि डोळ्याला न जाणवणारं ते खचणं जोडकामात लगेच दिसतं. पिशवी दांड्याला अडकवायची तर ती जमिनीला टेकलेली असावी. लोंबकळती पिशवी वाऱ्याने झुलते आणि फायद्याऐवजी तोटा करते.

अजून एक. काजव्यांच्या बऱ्याच जातींत मादी खाली गवतात किंवा झुडपात बसून उत्तराचा उजेड देते. गवत तुडवत झाडाखाली जाणं म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे पायाखाली घेणं. जागा पायवाटेवरूनच निवडा.

पायरी ४: फोकस, आणि मग त्याला हात न लावणं

उजेड आहे तोवर झाडाच्या खोडावर फोकस करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर) दहापट मोठं करून बघा, लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. झूम लेन्स असेल तर झूमच्या रिंगवरही. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स एफ २ ला ठेवून दहा मीटरवर फोकस केला, तर साधारण पाच मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५ मिमीला ही सवलत नाही, तिथे खोडावरचा फोकस अचूकच हवा.

चिकटपट्टीचा आळस मी एकदा केला आहे. नव्वद फ्रेम घेऊन झाल्यावर कळलं, की मधेच लेन्सवरची वाफ पुसताना रिंग केसभर फिरली होती. पहिले चाळीस काजवे टोकदार ठिपके, पुढचे सगळे भोपळे.

तपासणी: पट्टी लावल्यावर एक फोटो काढा आणि शंभर टक्के मोठा करून खोडाची साल बघा. सालीच्या भेगा दिसल्या पाहिजेत.

पायरी ५: पाया-फ्रेम

संपूर्ण फोटोचं रान, खोड, आभाळ याच एका फ्रेममधून येणार आहे. ती संधिप्रकाशात घ्यायची, काळोखात नाही. सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी सुरुवात करा आणि चाळीस मिनिटांपर्यंत दर पाच मिनिटांनी एक फ्रेम घेत राहा. आयएसओ १०० किंवा २००, ॲपर्चर एफ ४ ते एफ ५.६, शटर लागेल तेवढं. ॲपर्चर बदलल्याने चौकट हलत नाही. फोकस किंवा झूम बदलल्याने हलते.

इथे जवळपास प्रत्येक जण चुकतो. पाया-फ्रेम ‘बरोबर’ उजेडाची घेतली जाते. ती कॅमेऱ्याच्या मीटरने सुचवलेल्या उजेडापेक्षा दीड ते दोन स्टॉप अंधारी असायला हवी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). जोडताना प्रत्येक बिंदूवर जी फ्रेम उजळ असेल ती जिंकते. पाया उजळ असेल तर काजवे हरतात, ते फोटोत असूनही दिसत नाहीत. शंका आली तर जास्त अंधारी फ्रेम निवडा. दर पाच मिनिटांनी फ्रेम घ्यायची ती याचसाठी, निवड घरी निवांत करता येते.

पायरी ६: अंधार पडल्यावर चाचणी

साडेसात-पावणेआठला पहिले काजवे लुकलुकू लागतात. आता ॲपर्चर पूर्ण उघडा. सुरुवातीला एफ २, आयएसओ १६००, वीस सेकंद. एफ ३.५ ची किट लेन्स असेल तर तेवढ्याच तेजासाठी आयएसओ ५००० च्या आसपास लागेल.

चाचणीचा फोटो मोठा करून काजव्याचा ठिपका बघा:

- ठिपका पिवळसर हिरवा आहे: बरोबर.
- मधोमध पांढरा पडलाय: आयएसओ निम्मा करा.
- जेमतेम दिसतोय: आयएसओ दुप्पट करा. शटरला हात लावू नका.
- काजवे ठीक, पण रान उजळ दिसतंय: शटर वीसवरून दहा सेकंदांवर आणा.

उडणारा काजवा तुटक रेघ काढतो, बसलेला एकाच जागी ठिपका देतो. दोन्ही हवेत.

आता दिव्यांचा बंदोबस्त. कॅमेऱ्यावर लुकलुकणारा लाल दिवा चिकटपट्टीने झाका. डीएसएलआर असेल तर डोळा लावायची खिडकीही झाका, लांब एक्स्पोजरमध्ये मागून उजेड आत शिरतो. मोबाइल पिशवीत. बॅटरी लागलीच तर लाल कागदाची, तीही जमिनीकडे तोंड करून. फ्लॅश नाही, पांढरा टॉर्च झाडावर मारणं नाही. काजव्यांचा उजेड हे त्यांचं जोडीदाराला बोलावणं आहे; आपला दिवा लागला की ते चमकणं थांबवतात. म्हणजे फोटोसाठी दिवा लावणं फोटोच्याही मुळावर येतं.

पायरी ७: मालिका

आठ ते साडेआठ. वीस सेकंदांच्या नव्वद फ्रेम, दोन फ्रेममध्ये एक सेकंदाची फट. हिशेब साडेएकतीस मिनिटांचा होतो.

सावधान: बहुतेक कॅमेऱ्यांत ‘इंटरव्हल’ म्हणजे एका फ्रेमच्या सुरुवातीपासून पुढच्या फ्रेमच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ. तिथे १ नव्हे, २१ सेकंद भरायचे. काही बाहेरच्या रिमोटमध्ये मात्र फटीचा वेळ वेगळा भरतात. घरीच पाच फ्रेमची रंगीत तालीम करा, घड्याळ लावून. रानात हे कोडं सोडवताना तुमचाच टॉर्च पेटतो.

मालिका सुरू झाली की कॅमेऱ्यापासून दोन पावलं मागे सरा आणि बसा. लेन्सवर वाफ धरतेय का हे दर दहा मिनिटांनी, दोन फ्रेमच्या मधे, लाल उजेडात तिरकं बघा. पुसायची वेळ आली तर एका हाताने लेन्स धरून दुसऱ्याने कापड हलकेच टेकवा, घासू नका. लांब कुठे वीज चमकली तर मालिका चालू राहू द्या, त्या फ्रेम नंतर वगळता येतात. वीज जवळ आली तर सामान आवरा. उघड्या माळावर धातूचा ट्रायपॉड घेऊन उभं राहण्याइतका कुठलाच फोटो मोठा नाही.

मालिका संपल्यावर, ट्रायपॉड हलवण्यापूर्वी, लेन्सचं झाकण लावा आणि त्याच आयएसओ-शटरवर चार-पाच काळ्या फ्रेम घ्या. सेन्सरवरचे काही बिंदू तापून आपोआप पेटतात आणि ते हुबेहूब काजव्यासारखे दिसतात. काळ्या फ्रेममधून ते ओळखता येतात. घरी येऊन ‘उद्या काढू’ म्हणाल तर सेन्सरचं तापमान बदललेलं असेल आणि बिंदूही.

पायरी ८: निवड आणि काळं पाडणं

नव्वदच्या नव्वद जोडू नका. तीस-चाळीस पुरतात. जास्त जोडल्या की झाड ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळेसारखं दिसतं, आणि दुसरं कारण तांत्रिक आहे. प्रत्येक फ्रेममध्ये दाणेदार नॉइज असतो. जोडताना प्रत्येक बिंदूवर सर्वांत उजळ दाणा निवडला जातो, त्यामुळे फ्रेम वाढतील तसा अंधाराचा करडेपणा चढत जातो.

त्यावर उपाय असा. काजव्यांच्या सर्व फ्रेमना रॉ सॉफ्टवेअरमध्ये (लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी, कोणतंही) एकच दुरुस्ती लावा: टोन कर्व्हचं (उजेड-अंधार कमीजास्त करायच्या रेघेचं) खालचं डावं टोक उजवीकडे सरकवा, रान पूर्ण काळं होऊन फक्त काजवे उरेपर्यंत. हीच दुरुस्ती काळ्या फ्रेमनाही. मग सगळ्या १६ बिट टिफ फाइलमध्ये काढा.

तपासणी: एक फ्रेम शंभर टक्के मोठी करून लांबचे, मंद काजवे शाबूत आहेत ना, बघा. ते गेले असतील तर कर्व्ह थोडा मागे घ्या.

२४ मेगापिक्सेलची एक टिफ साधारण १४४ एमबीची होते, चाळीस म्हटल्यावर सहा जीबीच्या जवळ. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप इथे गुडघे टेकतो. मग दहा-दहाच्या चार गटांत जोडा आणि ते चार निकाल पुन्हा जोडा. या पद्धतीत क्रमाने काही फरक पडत नाही, निकाल तोच येतो.

पायरी ९: जोडणी

फोटोशॉपमध्ये ‘लोड फाइल्स इन्टू स्टॅक’, गिम्पमध्ये ‘ओपन ॲज लेयर्स’. सर्वांत खालचा सोडून बाकी सगळे लेयर (थर) निवडा आणि ब्लेंड मोड, म्हणजे थर मिसळायची पद्धत, ‘लायटन’ करा (गिम्पमध्ये ‘लायटन ओन्ली’); यात प्रत्येक बिंदूवर सर्वांत उजळ तेच उरतं. ‘स्क्रीन’ किंवा ‘ॲड’ नको; त्यात उजेडाची बेरीज होते आणि उरलेसुरले दाणेही बेरजेला येतात. स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअरही हेच काम करतं, काळ्या फ्रेमही घेतं. फक्त त्यातलं ‘गॅप फिलिंग’ बंद ठेवा. ते ताऱ्यांच्या रेघांतली फट बुजवण्यासाठी आहे, काजव्यांची तुटक रेघ आपल्याला तुटकच हवी.

इथून पुढचा क्रम मोडू नका:

१. आधी फक्त काजव्यांच्या फ्रेम जोडून एक लेयर करा.

२. काळ्या फ्रेमही ‘लायटन’ने जोडा आणि काजव्यांच्या लेयरवर ‘सबट्रॅक्ट’ मोडमध्ये ठेवून दोन्ही एकत्र करा. खोटे काजवे गेले. (स्टारस्टॅक्समध्ये काळ्या फ्रेम दिल्या असतील तर ही पायरी सोडा.) हेच काम पाया-फ्रेम आल्यानंतर केलंत तर पायावर काळी छिद्रं पडतील.

३. आता पाया-फ्रेम खाली आणा आणि काजव्यांचा लेयर तिच्यावर ‘लायटन’मध्ये ठेवा.

४. काजव्यांच्या लेयरवर मास्क (थराचा काही भाग लपवायचं झाकण) घालून आभाळाचा भाग झाका. वीस मिनिटांत तारे पाच अंश सरकतात, ढग तर त्याहून जास्त. झाकलं नाही तर आभाळात तुटक्या रेघा आणि ओरखडे राहतील. फांद्यांच्या कडेने मास्कचा ब्रश मऊ ठेवा, आभाळावर उठलेले शेंड्याचे काजवे वाचले पाहिजेत.

विमानाची रेघ किंवा कुणाचा टॉर्च एखाद्या फ्रेममध्ये आला असेल तर ती फ्रेम फेकू नका, तेवढाच भाग काळ्या ब्रशने पुसा आणि पुन्हा जोडा.

जोडणी बिघडली तर

प्रत्येक काजव्याशेजारी त्याचंच भूत दिसतंय, किंवा बसलेले काजवे हवेत तरंगताहेत: ट्रायपॉड हलला. ऑटो-अलाइनवर विसंबू नका, काळ्या केलेल्या फ्रेममध्ये त्याला जुळवायला काही सापडत नाही. काळी न केलेली मूळ फ्रेम पायावर ‘डिफरन्स’ मोडमध्ये ठेवून बाणाच्या कळांनी किती पिक्सेल सरकवावं लागतं ते मोजा आणि तेवढंच बाकीच्यांना सरकवा.

काजवे आहेत पण मलूल: पाया-फ्रेम उजळ आहे. ती अर्धा-एक स्टॉप खाली आणा. काजव्यांचा लेयर ताणत बसू नका.

रान निळं आणि काजवे नारिंगी: दोन्ही वेगवेगळ्या व्हाइट बॅलन्सने काढलेत. रॉमध्ये परत जा.

मोबाइल आणि कॅमेऱ्यातली आयती सोय

ज्या फोनमध्ये प्रो मोडला रॉ आणि दहा सेकंदांहून लांब शटर मिळतं, त्यावर हीच रीत चालते. ट्रायपॉड आणि टायमर तेवढा हवा. ‘नाइट मोड’ मात्र वापरू नका. तो स्वतःच फ्रेम जोडून सरासरी काढतो, आणि सरासरीत क्षणभर चमकलेला काजवा पुसला जातो. ऑलिंपसच्या कॅमेऱ्यांतलं ‘लाइव्ह कॉम्पोझिट’ जागेवरच ‘लायटन’ने जोडून दाखवतं, बघायला मजा येते, पण नंतर एखादी खराब फ्रेम काढता येत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांतलं ‘मल्टिपल एक्स्पोजर’ नऊ-दहा फ्रेमवर थांबतं. सराव म्हणून ठीक.

पायरी १०: बाहेर काढणं

फोटो लहान केला की एक-दोन पिक्सेलचे काजवे मंदावतात. म्हणून आधी हव्या त्या मापात आणा, आणि मग काजव्यांचा लेयर थोडा उजळा. मूळ मापातच उजळलात तर मोठ्या छपाईत ते भडक दिसतील. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबताना अर्धे काजवे गळतात. फोटोखाली किती फ्रेम, किती मिनिटं हे लिहा, म्हणजे पुढच्या शनिवारी तिथे जाणारा माणूस एका नजरेत इतके काजवे दिसतील अशी आशा धरणार नाही.